पान एक्केचाळीस

ताई जिंकली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मध्येच कुणीतरी विचारणार, "मग शेवटी निकाल काय लागला?" निकाल तिच्याच बाजूनं लागला. तीन वर्षं, अकरा अर्ज आणि दोन अपिलं झाल्यावर वरच्या आयोगानं लिहून दिलं की सरकारी कागद पाहण्याचा नागरिकाला हक्क आहे, बाईंची मागणी रास्त आहे, आणि बसखात्यानं अपघाताची फाईल पंधरा दिवसांच्या आत त्यांच्यापुढे ठेवावी. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा ताई शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. तिनं मशीन थांबवलं, कागद दोनदा वाचला आणि भावजयीला हाक मारली, "अगं, इकडे ये! आणि हात पुसून ये, ह्या कागदाला ओला हात लावू नकोस."

तशी ती एकाच माणसाची ताई, धाकट्या भावाची. पण हा पठ्ठ्या दिवसातून पन्नास वेळा "ताई, ए ताई" करून गल्ली डोक्यावर घ्यायचा, त्यामुळे गिऱ्हाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन आणि कापडाचे गठ्ठे, मागच्या खोलीत संसार. ताईचा संसार म्हणजे धाकटा आणि त्याची बायको. नोकरी गेल्यावर भाड्याचं घर सोडून ते दोघं तिच्याकडेच राहायला आले होते.

धाकटा शहरात बस चालवायचा. काय माणूस होता हो! थांबा आला की मान मागे वळवून म्हणायचा, "उतरा आजी, सावकाश उतरा, मला घरी जायची घाई नाही, बायको रुसलीय." बस हसायची. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उताराच्या रस्त्यावर त्याच्या बसचा ब्रेक लागला नाही आणि बस सरळ थांब्यात घुसली. थांब्यावर एक बाई उभी होती, हातात दुधाची पिशवी घेऊन. ती जागच्या जागी गेली.

कोर्टातून धाकटा कसाबसा सुटला, पण खात्यानं सोडलं नाही. खात्याची चौकशी बसली आणि तिनं ठरवलं, चालकाची बेपर्वाई. आता खरी गोष्ट ऐका. बस बाहेर काढण्याआधी गाडीत काही बिघाड दिसला तर चालकानं चिठ्ठी लिहायची आणि डेपोच्या फाटकाजवळच्या पेटीत टाकायची, अशी तिथली पद्धत. धाकट्यानं त्या सकाळी चिठ्ठी लिहिली होती. ब्रेक धरत नाही, गाडी बाहेर काढू नये, असं लिहून खाली सही केली होती. डेपोचा साहेब म्हणाला, "आजच्या दिवस ने, संध्याकाळी बघू." नेली बिचाऱ्यानं. आणि चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की अशी कोणतीही तक्रार आढळून आली नाही.

आढळून आली नाही म्हणे! डेपोतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला चौकशीत जबानीला बोलावलं होतं. तो बाहेर आला तो थेट ताईच्या दारात. "ताई, चिठ्ठी फाईलमध्ये आहे," तो म्हणाला. "चौकशीच्या साहेबापुढे फाईल उघडी होती. मला उलटी दिसत होती, पण त्या पोराचं अक्षर मी दहा वर्षं वाचतोय. 'ब्रेक' लिहिलेलं मी पाहिलं. कोपऱ्यात पानाचा आकडा होता, एक्केचाळीस." धाकट्यानं चौकशीविरुद्ध खात्याच्या फेरविचार समितीकडे दाद मागितली होती, तिच्यापुढे हे सांगायचंही त्यानं कबूल केलं होतं. पण समितीनं कळवलं, तोंडी काही चालणार नाही, कागद आणा. आणि पुढच्याच वर्षी मिस्त्री छातीत कळ येऊन गेला.

तर सगळं त्या एका पानावर अडलं होतं. पान मिळालं तर धाकट्यावरचा डाग पुसला जाणार होता. नोकरी मिळेल न मिळेल, ते नंतरचं. ताईला त्याहून मोठी काळजी लागली होती. धाकटा मागच्या खोलीत बसून गणवेशांना बटणं लावायचा, आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. बाहेर बसचा हॉर्न वाजला की त्याचा हात थांबायचा. सुरुवातीला तो भांडायचा, "मी लिहून दिलं होतं, मी लिहून दिलं होतं," असं येईल त्याला सांगायचा. मग ते कमी झालं. मग एक दिवस तो म्हणाला, "एवढे शिकलेले लोक म्हणतायत नाही, तर नसेलही." माणूस नोकरीवाचून जगतो, पण आपल्याच शब्दावरचा विश्वास उडाला तर त्यानं कशाच्या आधारानं जगायचं?

म्हणून ताईनं कायदा शिकून घेतला. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण कायद्याचं पुस्तक आणून एकेक कलम पेन्सिलीनं खूण करत वाचलं. त्यात चक्क लिहिलं होतं की राज्य लोकांचं आहे, कागदही लोकांचे आहेत, मागेल त्याला तीस दिवसांत दाखवायचे. ताईला ते वाचून इतका आनंद झाला की तिनं ते भावजयीला मोठ्यानं वाचून दाखवलं. भावजय म्हणाली, "ताई, असं लिहिलंय खरं, पण ते देतील का हो?" ताई म्हणाली, "न देऊन सांगतात कुणाला!"

पहिल्या अर्जाला उत्तर आलं, कोणती फाईल हवी ते स्पष्ट होत नाही. दुसऱ्याला आलं, चौकशी चालू आहे, सबब देता येत नाही. तिसऱ्याला आलं, चौकशी संपली आहे, सबब दुसऱ्या शाखेकडे मागावी. दुसऱ्या शाखेनं कळवलं की मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीविषयी आहे. त्रयस्थ कोण, तर तिचाच सख्खा भाऊ, ज्याचं संमतीपत्र तिनं अर्जाला जोडलेलं होतं! दरम्यान तीन साहेब बदलले. प्रत्येक नव्या साहेबापुढे ताईनं पहिल्यापासून पाढा वाचायचा आणि त्यानं "बघतो" म्हणायचं.

बसखात्याच्या त्या सगळ्या कचेरीत तिला एकच माणूस आवडायचा, खिडकीवरचा कारकून. बाकीचे कागद फेकल्यासारखे घ्यायचे, हा दोन्ही हातांनी घ्यायचा. कडा जुळवायचा, बरोबर मध्यावर दोन भोकं पाडायचा, टॅग ओवायचा, आणि वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक, सुबक आकडा घालायचा. एका रेषेत सगळे आकडे. ताईला वाटायचं, हा चुकून इकडे आला, खरं तर आमच्या धंद्यात नाव काढलं असतं यानं. त्यालाही ताईचं कौतुक होतं. कारण ताईचीही एक रीत होती. तिला एकेरी शिवण कधी पटायची नाही. खांद्याला, खिशाला, जिथे ताण येतो तिथे दुहेरी टीप हवीच. अर्जाचंही तसंच. पहिला अर्ज पोचलाच नाही असं कुणी म्हणू नये म्हणून ती दुसऱ्या अर्जाला पहिल्याची प्रत जोडायची, त्याचं उत्तर जोडायची, पोस्टाची पावती जोडायची. तिसऱ्याला पहिले दोन्ही. चौथ्याला पहिले तिन्ही. अकराव्याची तर पाठीवर घ्यायची पिशवी झाली होती.

"ताई, तुमच्यासारखा अर्ज लावणारं माणूस मी उभ्या नोकरीत बघितलं नाही," कारकून म्हणायचा.

"मग मिळेल ना हो भाऊ?"

"ते साहेबांच्या हातात. पण तुमचा एकही कागद माझ्याकडून इकडचा तिकडे होणार नाही, एवढं मी सांगतो."

आणि तो शब्दाला जागला, हे मात्र कबूल करायला हवं.

तर आयोगाचा निकाल आला आणि फाईल पाहायचा दिवस ठरला, गुरुवार. समितीपुढची तारीख त्याच्या पुढच्या मंगळवारी होती. तीही शेवटची, याआधी दोनदा ताईनं हातापाया पडून ती पुढे ढकलून घेतली होती. गुरुवारी सकाळी तिनं इस्त्रीचे कपडे घातले आणि कायद्याचं पुस्तक पिशवीत टाकलं. मागच्या खोलीत डोकावून पाहते तर धाकट्यानं दाढी केली होती. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता, हनुवटीला एका जागी कापलं होतं. रस्त्यानं जाताना तिला रडू येत होतं, पण ते आनंदाचं होतं.

कारकुनानं तिला आतल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, टेबलावरची धूळ फडक्यानं पुसली. मग कपाटातून फाईल काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. जाडजूड, कडा जुळलेली, टॅग घट्ट बांधलेला. ताईनं पहिलं पान उघडलं. कोपऱ्यात आकडा होता तीनशे पाच.

"भाऊ, ही तीनशे पाचपासून सुरू होतेय."

"हो, हा खंड दोन."

"मग खंड एक आणा ना. मला एक्केचाळीस बघायचंय."

कारकून जरा घुटमळला. "खंड एक नाहीये, ताई. नष्ट झाला."

ताईला आधी वाटलं, आग लागली असेल, पाणी शिरलं असेल. म्हणून तिनं विचारलं, "कशानं?"

"कशानं म्हणजे? नियमानं." तो समजावून सांगू लागला, शांतपणे, जसा तो नेहमी सांगायचा. फाईल तीनशे पानांच्या वर गेली की टॅग पेलत नाही, पानं फाटतात. म्हणून तिथे खंड एक बंद करायचा आणि खंड दोन उघडायचा. बंद केलेला खंड तळघरात जातो. ज्या बंद खंडावर काही काम चालू नसेल तो वर्षभर ठेवायचा आणि मग यादी करून नष्ट करायचा. "सगळ्याच फायलींचं असंच असतं, ताई. नाहीतर इथे उभं राहायला जागा उरायची नाही."

"पण माझा अर्ज चालू होता ना! माझं अपील चालू होतं!"

"होतं ना. ते खंड दोनमध्ये चालू होतं." त्यानं फाईलवर बोट ठेवलं. "म्हणून तर हा ठेवलाय. खंड एकवर काहीच चालू नव्हतं."

आता बोला! ताईनं कपाळाला हात लावला. मग तिनं विचारलं, "मूळ चौकशी किती पानांची होती?"

"शहाण्णव."

"शहाण्णव. मग तीनशेच्या वर कशी गेली?"

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं. ही बेरीज त्यानंही बहुतेक पहिल्यांदाच करून पाहिली असावी. "बाकीची तुमची, ताई," तो म्हणाला.

दोनशे आठ पानं. पहिला अर्ज, मग पहिल्यासकट दुसरा, मग दोन्हींसकट तिसरा. तिनं एकेरी टीप घातली असती, साधं एकपानी पत्र दिलं असतं, तर ती फाईल अजून दहा वर्षं तीनशेपर्यंत पोचली नसती आणि पान एक्केचाळीस आज तिच्यापुढे उघडं असतं. तिनंच आपल्या हातांनी, रात्ररात्र कागद लावून, तो खंड भरून बंद करून दिला होता. आणि ह्या भल्या माणसानं एकही कागद न हरवता तो ओवला होता.

"कधी नष्ट केला?" तिनं विचारलं.

त्यानं यादी काढून दाखवली. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. ताईच्या ती लगेच लक्षात आली, कारण त्या दिवशी ती इथेच आली होती, अपिलाचं काय झालं ते विचारायला. जिन्याच्या तोंडाशी दोन हमाल पाठीवर पोती घेऊन अडले होते आणि दार सारखं आपटत होतं. ताईनं पुढे होऊन दार धरलं होतं. चार पोती बाहेर जाईपर्यंत ती दार धरून उभी होती. शेवटचा हमाल तिला "उपकार झाले, आई" असं म्हणालाही होता.

हे आठवलं आणि तिला इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. बाजूच्या टेबलावरच्या बाईनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. कारकून उभाच होता, हातात ती यादी धरून. "ताई, मी मुद्दाम नाही हो केलं," तो म्हणाला. तिला ते माहीत होतं. शिव्या घालायला एखादा बदमाश माणूस समोर असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ह्या यादीवर एक्केचाळीसमध्ये काय होतं ते लिहिलंय का?"

"नाही. अपघात चौकशी, पृष्ठे एक ते तीनशे चार, एवढंच लिहितो आम्ही."

नवे साहेब बाहेर आले. वयानं लहान होते, बोलायला मऊ होते. म्हणाले, "बाई, आदेशाचं पालन झालेलं आहे. उपलब्ध फाईल आम्ही आपल्याला दाखवली."

"पण हवं ते पानच जाळलंत ना तुम्ही!"

"जाळत नाही आम्ही. लगदा करतात." मग त्यांनाच वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. "आपण आयोगाकडे तक्रार करू शकता. तो आपला हक्कच आहे. अर्ज करा."

अर्ज करा! बाराव्या अर्जाचं उत्तर यायला तीस दिवस, आणि मंगळवार पाच दिवसांवर. आणि उत्तर येऊन तरी काय येणार होतं? लगद्याचं पान होतं थोडंच. ताई पाणी प्यायली, तिनं पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं तिथे सही केली. फाईल दाखवल्याबद्दल समाधान झाले, असं त्या कागदावर आधीच छापलेलं होतं. तिनं ते खोडलं, तर साहेब म्हणाले, खोडलं तर कागद पुन्हा छापावा लागेल. मग तिनं नव्या छापील कागदावर न खोडता सही केली. भांडायचं बळच राहिलं नव्हतं.

घरी जाताना ती सारखी एकच गोष्ट ठरवत होती, धाकट्याला काय सांगायचं. खरं सांगितलं तर आज सकाळी दाढी केलेला तो माणूस पुन्हा कधी आरशापुढे उभा राहणार नाही, ह्याची तिला खात्री होती. कोपऱ्यावर एक मिनिट थांबून तिनं तोंड धुतलं.

भावजय दारातच उभी होती. ताईचा चेहरा पाहून ती बाजूला झाली. धाकटा मागच्या खोलीतून उठून पुढच्या खोलीत आला होता. मशीनजवळच्या स्टुलावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा.

"ताई," तो म्हणाला. चार वर्षांत त्यानं अशी हाक मारली नव्हती. "एक विचारू? खरं सांग. मी लिहिलं होतं ना गं? का मलाच तसं वाटतंय? मी रोज आठवून बघतो. कधी पेटी आठवते, कधी पेन आठवतं. पण हल्ली मला शब्दच आठवत नाहीत. मिस्त्री असता तर त्याला विचारलं असतं."

"लिहिलं होतंस," ताई म्हणाली.

"तू पाहिलंस?"

ताईनं भावजयीकडे पाहिलं. मग मशीनकडे पाहिलं. जन्मात ती ह्या भावाशी एकदाही खोटं बोलली नव्हती, त्याच्या तापातही नाही, आई गेली तेव्हाही नाही.

"पाहिलं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी वाचलं. तुझंच अक्षर. 'ब्रेक धरत नाही, गाडी बाहेर काढू नये.' खाली तुझी सही."

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. भावजय धावत आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तीही रडायला लागली. "बघा, मी म्हणत होते ना, मी म्हणत होते ना," असं ती सारखं म्हणत होती. ताई तशीच उभी होती, पिशवी खांद्याला अडकवून.

बऱ्याच वेळानं धाकट्यानं तोंड वर केलं. डोळे लाल झाले होते, पण तो हसत होता, अगदी पूर्वी बसमध्ये मान वळवून हसायचा तसा. त्यानं पँटला हात पुसले, नीट कोरडे केले आणि ताईपुढे पसरले.

"दे," तो म्हणाला. "प्रत दे ना. मला एकदा वाचू दे."